तिजोरीच्या चाव्या आणि काकांचा तक्ता

गेल्या शनिवारी न्यू जर्सीत एका मराठी घरी पॉटलकला गेलो होतो. मिसळ, शिरा, दोन प्रकारचे पुलाव आणि कोणीतरी हौसेनं आणलेला, शेवटपर्यंत न संपणारा पास्ता. जेवणं झाली, पुरुषमंडळी सोफ्यावर पसरली आणि अपेक्षेप्रमाणे राजकारण सुरू झालं. एक काका आहेत आमच्या ग्रुपमधले. वायटूकेच्या लाटेत आले, इथेच रमले, यथावकाश नागरिक झाले आणि आता दर निवडणुकीला नेमानं मत देतात. त्यांनी फोन काढून सगळ्यांना एक तक्ता दाखवला. डाव्या रकान्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नावं, उजव्या रकान्यात त्यांच्या काळातली तूट. रेगन इतके, बुश इतके, क्लिंटनच्या नावापुढे हिरव्या रंगात शिल्लक, ओबामांच्या पुढे लाल भडक आकडा.

"बघ," काका म्हणाले, "कोणी किती उधळलं ते स्वच्छ दिसतं."

यावर माझा रूममेट (तो विरुद्ध पार्टीचा. म्हणजे कोणाच्याही विरुद्ध) ताडकन म्हणाला, "काका, क्लिंटनची शिल्लक क्लिंटनची नाहीच मुळी. ती गिंग्रिच आणि रिपब्लिकन काँग्रेसनं करून दाखवली." मग अर्धा तास जे झालं ते तुम्ही ओळखलं असेलच. शिल्लक असेल तर ती आपल्या पार्टीची, तूट असेल तर ती समोरच्याची. अध्यक्ष आपला असेल तर दोष काँग्रेसचा, काँग्रेस आपली असेल तर दोष अध्यक्षाचा.

(ही काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद हं. आपली पंजावाली नव्हे. घरी फोनवर बोलताना हा घोटाळा माझा दोनदा झालाय.)

मी तेव्हा गप्प बसलो, कारण शिरा खात होतो. पण घरी आल्यावर तो तक्ता काही डोक्यातून जाईना. म्हटलं, लिहूनच टाकू. एक प्रामाणिक कबुली आधीच देतो. मी एच-वन-बीवर आहे, मला इथे मत नाही. पण माझ्या प्रत्येक पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीचे आणि १.४५ टक्के मेडिकेअरचे कापले जातात, आयकर वेगळाच. तेव्हा मत देण्याचा नसला तरी मत असण्याचा हक्क मला आहे असं मी समजतो. :)

मला वाटतं की आपण भारतीय हा तक्ता इतक्या सहज स्वीकारतो याला कारण आपलीच सवय आहे. आपल्याकडे अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडतात आणि तो बहुमताच्या जोरावर मंजूर होतो. खासदार फार तर कपात सूचना मांडू शकतात, खर्च स्वतःहून वाढवू शकत नाहीत. अशी एखादी सूचना चुकून मंजूर झाली तर सरकारच पडायची वेळ येते. बऱ्याच खात्यांच्या मागण्या तर चर्चेशिवाय शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मंजूर होतात, त्याला नावही 'गिलोटिन' असं झकास आहे. त्यामुळे तूट म्हणजे सरकारची, आणि सरकार म्हणजे पंतप्रधान, हे आपलं समीकरण आपल्या घरी बरोबरच आहे. ते बॅगेत भरून आपण नेवार्क विमानतळावर उतरतो, आणि इथे घोळ होतो.

कारण इथली रचनाच उलटी. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात कर बसवायचा आणि कर्ज काढायचा अधिकार काँग्रेसला दिलाय. त्याच कलमात पुढे म्हटलंय की कायद्यानं मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा बाहेर काढता येणार नाही. अध्यक्षांचं कलम दुसरं, आणि त्यात तिजोरीचा अधिकार नाही. १९२१ पर्यंत तर अध्यक्षांनी देशाचं एकत्रित बजेट सादर करावं असा कायदाही नव्हता. खाती आपापले अंदाज परस्पर पाठवायची. १९२१ च्या कायद्यानं ते काम अध्यक्षांकडे आलं. आजही 'प्रेसिडेंट्स बजेट' म्हणून जे जाडजूड प्रकरण वॉशिंग्टनमध्ये निघतं ती खरं तर मागण्यांची यादी असते. लहान मूल दुकानात जाताना आईच्या हातात देतं तशी. आई ती वाचते, काही गोष्टी घेते, बरंच काही घेत नाही आणि वर स्वतःला हवं ते टाकते.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं उत्तर सोपं झालं. काँग्रेस जबाबदार. संपलं?

नाही ना. वकिली उत्तर आणि खरं उत्तर यात फरक असतो. पण आधी काकांच्या तक्त्याचा समाचार घेऊ, कारण तो कोणत्याही उत्तराला टिकत नाही.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलं की नवा मॅनेजर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे 'गिट ब्लेम'. त्या ओळीवर ज्याचं नाव दिसेल त्याला बोलवा! आणि मग कळतं की बिचाऱ्यानं फक्त स्पेस आणि टॅब नीट केले होते. मूळ कोड तीन वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिला, दुसऱ्यानं रिव्ह्यू न करता पास केला आणि तो लिहिणारा आता भलत्याच कंपनीत मजेत आहे. काकांचा तक्ता म्हणजे असलाच गिट ब्लेम आहे.

२००९ चंच बघा. तक्त्यात ओबामांच्या पुढे १.४ ट्रिलियन डॉलरची तूट. (एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी. डॉलरमध्ये. दोन मिनिटं शांत बसा.) पण अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे २००९ चं वर्ष १ ऑक्टोबर २००८ ला सुरू झालं, तेव्हा ओबामा साधे सिनेटर होते. त्याच ऑक्टोबरात बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला, त्यावर सही बुश यांची. ओबामांनी शपथ घेतली २० जानेवारीला. त्याच्या जवळपास दोन आठवडे आधी काँग्रेसच्या बजेट ऑफिसनं सांगून टाकलं होतं की यंदाची तूट १.२ ट्रिलियनच्या घरात जाणार. ओबामांनी फेब्रुवारीत ७८७ अब्जांचं पॅकेज आणलं हे खरं, पण त्यातला त्या वर्षात खर्च झालेला भाग छोटा. बाकीचं मंदीनं केलं. लोकांच्या नोकऱ्या गेल्या की कर येत नाही आणि बेकारभत्ता मात्र द्यावा लागतो, त्यासाठी कोणाला सहीसुद्धा करावी लागत नाही.

आणि हे एकाच पार्टीच्या सोयीचं आहे असं समजू नका. २००१ सालची १२८ अब्जांची शिल्लक याच हिशेबानं धाकट्या बुशच्या खात्यात जाते, तीही तितकीच फुकटची.

आता शिल्लकीची गोष्ट, ज्यावरून काका आणि रूममेट हमरीतुमरीवर आले होते. १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या तिजोरीत शिल्लक होती. २००० साली तर २३६ अब्ज. मॅनहॅटनमध्ये सेमूर डर्स्ट नावाच्या एका बिल्डरनं १९८९ मध्ये राष्ट्रीय कर्जाचं घड्याळ लावलं होतं, सेकंदासेकंदाला आकडा वाढणारं. तो आकडा उलटा फिरायला लागला म्हणून २००० मध्ये ते चक्क बंद केलं! (दोन वर्षांनी परत चालू करावं लागलं. २००८ मध्ये आकडा १० ट्रिलियनच्या पुढे गेला तेव्हा त्यात घरंच पुरेनात, म्हणून डॉलरच्या चिन्हाची जागा आकड्याला द्यावी लागली.)

ही शिल्लक कोणाची? काका म्हणतात क्लिंटन. रूममेट म्हणतो गिंग्रिच. मी शोधत गेलो तर पहिलं नाव सापडलं थोरल्या बुशचं. 'नवे कर नाहीत म्हणजे नाहीत' असं छातीठोकपणे सांगून ते १९८८ ला निवडून आले, आणि १९९० मध्ये डेमोक्रॅटिक काँग्रेसबरोबर बसून त्यांनी कर वाढवले. त्याच समझोत्यात एक नियम आला. नवी सवलत किंवा नवी कायमची योजना आणायची तर तिचे पैसे कुठून येणार ते त्याच वेळी दाखवा. साधा, आपल्या आईच्या घरखर्चाच्या वहीतला नियम. तो २००२ मध्ये संपू दिला गेला आणि त्यानंतर काय झालं ते आपल्यासमोर आहे. बुश १९९२ ची निवडणूक हरले. एकट्या करांमुळे नाही, पण करांचा त्यात मोठा वाटा होता हे सगळेच मानतात.

दुसरं नाव सापडलं ते मला आधी माहीतच नव्हतं. मार्जोरी मार्गोलिस-मेझविन्स्की. पूर्वाश्रमीच्या टीव्ही पत्रकार, फिलाडेल्फियाच्या उपनगरातून १९९२ मध्ये पहिल्यांदाच हाऊसमध्ये म्हणजे प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. मतदारसंघ पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन, खाऊनपिऊन सुखी, करवाढीला कडवा विरोध करणारा. ऑगस्ट १९९३ मध्ये क्लिंटनचं बजेट विधेयक मतदानाला आलं. वरच्या उत्पन्नगटाचा कर ३१ वरून ३९.६ टक्के, पेट्रोलवर गॅलनमागे ४.३ सेंट जास्त, शिवाय खर्चात कपात. एकही रिपब्लिकन मत मिळणार नव्हतं. या बाईंनी मतदारांना 'मी विरोधात मत देईन' असं सांगून ठेवलेलं. क्लिंटनचा फोन आला. मतं अगदी काठावर आली तेव्हा त्यांनी बाजूनं मत दिलं. २१८ विरुद्ध २१६. समोरच्या बाकांवरून रिपब्लिकन सदस्य 'गुडबाय मार्जोरी' असं ओरडत होते. पुढच्या वर्षी त्या पडल्या. आणि त्याच निवडणुकीत रिपब्लिकन पार्टीनं ४० वर्षांनी हाऊस जिंकलं.

(जाता जाता: त्यांचा मुलगा पुढे २०१० मध्ये क्लिंटनचा जावई झाला. हे मी बनवून सांगत नाहीये. हिंदी सिनेमावाल्यांनासुद्धा हे सुचलं नसतं.)

मग रूममेटचा मुद्दा. नव्या रिपब्लिकन काँग्रेसनं १९९५-९६ मध्ये क्लिंटनशी भांडून सरकार दोनदा बंद पाडलं, आणि १९९७ मध्ये दोघांनी मिळून खर्चाला लगाम घालणारा करार केला. त्याचंही श्रेय आहेच. आणि सगळ्यात मोठा हात कोणाचा? आपल्या इंडस्ट्रीचा! डॉट कॉमच्या तेजीत शेअर आणि स्टॉक ऑप्शनवर इतका कर आला की बजेट ऑफिसचे अंदाजसुद्धा चुकले. काकांनी वायटूकेचे बग काढून जो कर भरला तोही त्याच २३६ अब्जांत आहे. हे त्यांना सांगितलं असतं तर कदाचित भांडण तिथेच मिटलं असतं..

पण माझ्या डोक्यात राहिल्या त्या मार्जोरीबाई. तक्त्यात त्यांना रकाना नाही. ज्यांनी स्वतःच्या नावानिशी, दिवे लागलेल्या बोर्डावर जबाबदारी घेतली त्या घरी बसल्या, आणि शिल्लक दुसऱ्याच कोणाच्या नावापुढे हिरव्या रंगात छापली गेली. बाकीच्या खासदारांनी यातून काय धडा घेतला असेल? तोच, जो तुम्ही-मी घेतला असता. मत द्यायची वेळच येऊ देऊ नका.

आणि ही सोय त्यांनी छानपैकी करून ठेवलीये. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचा केंद्रीय खर्च होता साधारण ६.८ ट्रिलियन आणि तूट १.८ ट्रिलियन. यातल्या किती खर्चावर काँग्रेस त्या वर्षी मत देते? फक्त १.८ ट्रिलियनच्या आसपास. सैन्य, नासा, न्यायालयं, राष्ट्रीय उद्यानं, संशोधन, सगळं त्यात आलं. दर सप्टेंबरात टीव्हीवर जी मारामारी चालते ती एवढ्यासाठी. आकडे पुन्हा बघा. हा सगळा खर्च शून्यावर आणला, सैनिक घरी पाठवले, रॉकेट भंगारात काढली, तरी जेमतेम तूट भरून निघते. बाकीचं सगळं आपोआप चालतं. सोशल सिक्युरिटी १९३५ ची, मेडिकेअर १९६५ ची. महागाईप्रमाणे पेन्शन आपसूक वाढावी ही तरतूद १९७२ ची. आणि वर व्याज, २०२४ मध्ये ८८० अब्जांच्या आसपास, म्हणजे संरक्षण खर्चाहूनही जास्त.

हे सगळे क्रॉन जॉब आहेत. लिहिणारे कधीच निवृत्त झाले (बरेचसे स्वर्गवासीही झाले), सर्व्हर चालू आहे, दर महिन्याला स्क्रिप्ट चालते आणि पैसे जातात. त्यासाठी ना अध्यक्षांची सही लागते, ना खासदारांचं मत. म्हणून 'या अध्यक्षानं इतका खर्च केला' हे वाक्यच मला विनोदी वाटतं. पण हेही लक्षात घ्या की क्रॉन जॉब बदलायचा अधिकार ज्यांच्याकडे आहे ते रोज ऑफिसला येतात. फक्त त्या फाइलला हात लावत नाहीत. सोशल सिक्युरिटीच्या विश्वस्तांनी २०२५ च्या अहवालात लिहिलंय की पेन्शनची गंगाजळी २०३३ मध्ये आटेल. हे त्यांच्या अहवालात वर्षानुवर्षं थोड्याफार फरकानं येतंय. माझ्या पगारातले ते ६.२ टक्के आत्ताच्या आजी-आजोबांना जातात, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०३३ ला काय करायचं यावर एका ओळीचं मतदान व्हायला हरकत नव्हती.

मग अध्यक्ष अगदीच निर्दोष? छे. तसं म्हणणारे लोक मला तक्तावाल्यांइतकेच लबाड वाटतात. अध्यक्षाच्या दोन गोष्टी त्याच्याच असतात: तो काय मागतो आणि तो कशावर सही करतो. २००१ आणि २००३ ची करकपात हे धाकट्या बुशचं स्वतःचं मागणं होतं. २००३ ची तर सिनेटमध्ये ५०-५० अशी अडली आणि उपाध्यक्ष चेनींनी मत टाकून सोडवली. इराकचं युद्ध त्यांचं. त्याचा खर्च वर्षानुवर्षं नेहमीच्या बजेटबाहेर, 'आणीबाणी' म्हणून मंजूर करून घेतला गेला. नोव्हेंबर २००३ मध्ये वृद्धांच्या औषधांची योजना आली, तिचे पैसे कुठून येणार याचं धड उत्तर नव्हतं. एरवी १५ मिनिटांत उरकणारं मतदान हाऊसच्या नेत्यांनी पहाटे जवळपास तीन तास उघडं ठेवलं, एकेका सदस्याला कोपऱ्यात घेऊन समजावलं आणि २२०-२१५ नं ते पास केलं. यात कोण दोषी? अध्यक्षानं मागितलं, काँग्रेसनं दिलं, दोघांनी फोटो काढले. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! आणि या सगळ्या काळात बुशनी नकाराधिकार किती वेळा वापरला? २००६ च्या जुलैपर्यंत एकदाही नाही. पहिला वापरला तोही स्टेम सेलच्या विधेयकावर. पैशाशी त्याचा संबंध नव्हता.

तेव्हा माझं उत्तर विचाराल तर असं. माणसाच्या नावानं हिशेब लावूच नका, कायद्याच्या नावानं लावा. अमुक कायदा कोणी मागितला, कोणी मत दिलं, कोणी सही केली. २०२० चा कोविडचा २.२ ट्रिलियनचा कायदा सिनेटमध्ये ९६-० नं झाला, म्हणजे तो सगळ्यांचा. २०१७ ची करकपात एकाही डेमोक्रॅटशिवाय झाली, २०२१ चं १.९ ट्रिलियनचं पॅकेज एकाही रिपब्लिकनशिवाय. ती त्या त्या पार्टीची, अध्यक्षासकट. आणि जिथे काहीच केलं नाही तिथे दोष काँग्रेसचा, कारण तिजोरीची चावी तिच्या कंबरेला आहे.

पण एवढ्यानं काय फरक पडतो, असं रूममेटनं मला विचारलं. दोष याला द्या नाहीतर त्याला, कर्ज तेवढंच. इथे मात्र मी त्याच्याशी भांडलो. कारण मला वाटतं की दोष ज्याच्या नावावर जातो, थोड्या दिवसांनी अधिकारही त्याच्याकडे सरकतो. तूट अध्यक्षाची म्हटलं की मग साहजिकच कोणीतरी म्हणतं, 'अहो, मग त्याच्या हातात कात्री तरी द्या!'

हे कल्पनेतलं नाही. १९७२ मध्ये काँग्रेसनं निक्सनचा नकाराधिकार उलटवून स्वच्छ पाण्याचा कायदा केला. निक्सननी काय केलं? पैसेच सोडले नाहीत. दोन वर्षांसाठी शहरांना सांडपाण्याच्या कामासाठी मिळायचे ११ अब्ज, त्यातले ५ अब्जच वाटायला सांगितले. अशाच इतर प्रकारांवर चिडून काँग्रेसनं १९७४ मध्ये कायदा केला की मंजूर झालेला पैसा अध्यक्षानं मनानं रोखून धरायचा नाही. पाण्याच्या पैशांचा खटला न्यूयॉर्क शहरानं सुप्रीम कोर्टात १९७५ मध्ये जिंकला. छान. मग २१-२२ वर्षांनी त्याच काँग्रेसनं काय करावं? १९९६ मध्ये स्वतःच कायदा करून अध्यक्षाला कात्री दिली. विधेयकावर सही करायची आणि मग त्यातल्या नको त्या ओळी खोडायच्या! म्हणजे खासदारानं मतदारसंघासाठी पूल मंजूर करून हार घालून घ्यायचे आणि अध्यक्षानं तो खोडून शिव्या खायच्या. दोघांची सोय. क्लिंटननी १९९७ मध्ये ८२ ठिकाणी कात्री चालवली. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ६-३ नं कायदा रद्द केला. खटला भरणाऱ्यांत पुन्हा न्यूयॉर्क शहर. (या शहराला पगारी नेमलं पाहिजे या कामासाठी.)

आणि २०२५. ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कर-खर्चाच्या कायद्यामुळे दहा वर्षांत तूट ३.४ ट्रिलियननं वाढेल असा बजेट ऑफिसचा अंदाज. सिनेटमध्ये ५०-५०, उपाध्यक्ष व्हान्सचं मत निर्णायक. म्हणजे पुन्हा अध्यक्षानं मागितलं आणि काँग्रेसनं दिलं. मग ऑगस्टअखेर व्हाइट हाऊसनं काँग्रेसला कळवलं की परदेशी मदतीचे मंजूर झालेले ४.९ अब्ज आम्ही खर्च करू इच्छित नाही. १९७४ च्या कायद्यात अशी विनंती पाठवली की ४५ दिवस पैसा थांबवता येतो. तेवढ्यात काँग्रेसनं हो म्हटलं नाही तर पैसा सोडावा लागतो. पण आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. विनंती ऑगस्टच्या शेवटी पाठवली तर ४५ दिवस होण्याआधीच वर्ष संपतं आणि मंजुरीच मरते. म्हणजे काँग्रेसनं काहीही म्हटलं नाही तरी उत्तर 'हो'! कोडमधला असला लूपहोल आपल्या टेस्टरनं पहिल्याच आठवड्यात पकडला असता. जवळपास ५० वर्षांत हा प्रकार कोणी केला नव्हता. सुप्रीम कोर्टानं २६ सप्टेंबरला तात्पुरत्या आदेशानं पैसा रोखून ठेवू दिला.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. वाढलेली तूट ३.४ ट्रिलियन, कापलेले ४.९ अब्ज. जवळपास ७०० पट फरक. म्हणजे तुटीला काही फरक पडला नाही, पण एक खूप जुना अधिकार एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेला. आणि ज्यांचा गेला त्यांतले निम्म्याहून जास्त टाळ्या वाजवत होते, कारण अध्यक्ष आपल्या पार्टीचा.

यात सध्याची पार्टी बाजूला ठेवून विचार करा. खुर्ची बदलली की मत बदलणं दोन्हीकडे आहे. २००६ मध्ये सिनेटर ओबामांनी कर्जमर्यादा वाढवायला विरोधात मत दिलं होतं. अध्यक्ष झाल्यावर तीच मर्यादा वाढवून द्या म्हणून काँग्रेसला विनवावं लागलं, तेव्हा ते मत चूक होतं असं त्यांनी कबूल केलं. ही कर्जमर्यादासुद्धा गंमतच आहे. पंगत उठल्यावर आचाऱ्याचे पैसे द्यायचे की नाही यावर घरात मतदान! २०११ मध्ये हा खेळ इतका ताणला की एस अँड पीनं अमेरिकेचं पतमानांकन खाली आणलं.

रविवारी काकांना फोन केला. हे सगळं (थोडं कमी करून) सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मार्जोरीबाईंच्या गोष्टीवर 'अरेरे' म्हणाले. जावयाच्या गोष्टीवर मनापासून हसले. मग मी म्हटलं, "काका, एक विचारू का? जुलैच्या त्या कायद्यावर तुमच्या प्रतिनिधीनं काय मत दिलं?"

"आमचा प्रतिनिधी.. म्हणजे हाऊसमधला?"

"हो."

फोनवर बराच वेळ शांतता. मग आतून काकूंना विचारल्याचा आवाज आला. काकूंनाही नाव आठवेना.

"थांब, बघून सांगतो," काका म्हणाले. "पण मी तक्ता डिलीट करणार नाहीये हां. त्यात आणखी एक रकाना टाकता येईल का रे एक्सेलमध्ये?"

म्हटलं, ५३५ टाकावे लागतील काका. पाठवा फाइल, शनिवारी बसू.